क्लॅमथ नदीतली मासळी, तिची मोजदाद आणि शेतकऱ्यांचे पाणी

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ क्लॅमथ नावाची नदी आहे. तिच्यावरची चार धरणे २०२४ सालापर्यंत पाडून टाकण्यात आली. आपल्याकडे ही बातमी आली ती एका ओळीची : 'माशांसाठी धरणे पाडली.' एका गावच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक काका म्हणाले, "साहेब, इथं आम्ही कालव्याला पाणी कधी सुटतंय म्हणून रात्र-रात्र जागतो आणि ते लोक धरणच मोडतात? मासे खायला एवढे महाग झाले का?" प्रश्न रास्त आहे. पण बातमी अर्धी आहे. उरलेली अर्धी शेतकऱ्यांच्या फार कामाची आहे, कारण त्यात पाणीवाटप आहे, दुष्काळ आहे, सरकारी आकडा आहे, आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे भांडणही आहे.

आधी मासा कोणता ते सांगतो. सामन. कोकणात रावस माशाला इंग्रजीत 'इंडियन सामन' म्हणून विकतात, पण रावस आणि सामन यांचे नाते नाही. सामन जन्मतो नदीच्या गोड्या पाण्यात, वाढतो समुद्रात, आणि तीन-चार वर्षांनी अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परत येतो. वरच्या अंगाला थंड, वाहत्या पाण्यात मादी शेपटीने गोटे-वाळू उकरून खड्डा करते, त्यात अंडी घालते, वरून खडी लोटते. क्लॅमथमध्ये मुख्य जात 'चिनूक' नावाची. तो अंडी घातली की मरतो. एकदाच पीक, एकदाच बी. म्हणून वर चढलेल्या माशांपैकी किती पकडायचे आणि किती सोडायचे, हा हिशेब चुकला की फटका तीन-चार वर्षांनी बसतो. त्या वेळी चूक कोणाची हे कोणालाच आठवत नाही.

उसात आपण बेणे राखून ठेवतो. सगळाच ऊस कारखान्याला घातला तर पुढच्या लागणीला काय लावणार? तिकडे अगदी हाच विचार आहे. नदीत बेणे म्हणून किती मासे पोचलेच पाहिजेत याचा आकडा ठरवलेला आहे. क्लॅमथच्या शरद हंगामातल्या चिनूकसाठी तो ४०,७०० आहे. म्हणजे हॅचरीत परतणारे मासे सोडून, नदी-ओढ्यात आपसूक अंडी घालणारे प्रौढ मासे इतके हवेत. तीन वर्षांची सरासरी ३०,५२५ च्या खाली गेली की 'साठा अति मासेमारीने खालावला' असा शिक्का बसतो, मग कारण मासेमारी असो, दुष्काळ असो की रोग. २०१८ साली या नदीवर तो शिक्का बसला.

आता मोजदादीकडे येऊ, कारण सगळे भांडण तिथूनच सुरू होते. पाण्याखालचा मासा मोजायचा कसा? आपण पीक कापणी प्रयोग करतो तेव्हा सगळ्या मंडळातली ज्वारी कापत नाही. चिठ्ठीने आलेल्या शेतात दहा बाय पाच मीटरचा तुकडा आखतो, तेवढाच कापून, मळून, वजन करतो, आणि त्यावरून सरासरी काढतो. कृषी सहायक, तलाठी आणि ग्रामसेवक (नावे आता बदलली, माणसे तीच) तिघे उभे राहून हे करतात. तिकडचे काम याच जातीचे आहे, फक्त चिखल जास्त.

क्लॅमथला मिळणाऱ्या काही ओढ्यांवर आणि उपनद्यांवर आडवे कुंपण घालून मधे एकच वाट ठेवतात. त्या वाटेवर कॅमेरा असतो. शास्ता नदीवर आणि बोगस ओढ्यावर वर्षानुवर्षे अशी मोजणी चालू आहे. जिथे कुंपण टिकत नाही तिथे माणसे नदीकाठाने फिरून अंड्यांचे खड्डे मोजतात. आणि तिसरी रीत मेलेल्या माशांची. ती मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. अंडी घालून मेलेले मासे गोळा करायचे, खूण लावायची आणि परत प्रवाहात टाकायचे. समजा या आठवड्यात १०० माशांना खूण केली. पुढच्या फेरीत त्या १०० पैकी २० परत सापडले. म्हणजे आपल्या हाताला नदीतल्या पाचातला एक मासा लागतो. त्याच फेरीत एकूण २०० मेलेले मासे सापडले असतील, तर नदीत हजाराच्या आसपास असले पाहिजेत. हे आकडे मी समजायला घेतले आहेत, पण पद्धत हीच. शाळेतल्या त्रैराशिकापलीकडे त्यात काही नाही.

माशाच्या खवल्यावर झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळे असतात, त्यावरून वय कळते. वय कशाला हवे? पुढच्या वर्षीचा अंदाज बांधायला. चिनूकमधले काही नर दोनच वर्षांचे असताना लवकर परततात, आकाराने लहान. यंदा असे लहान नर भरपूर आले, तर त्यांच्याच वयाचे बाकीचे मासे पुढच्या वर्षी तीन वर्षांचे होऊन भरपूर येतील असा आडाखा बांधतात. मृगाच्या पहिल्या पावसावरून वर्षाचा अंदाज करणारी आपली म्हातारी माणसे असतात, तसेच काहीसे. फरक एवढाच की यांच्याकडे १९७८ पासूनची वही आहे आणि दरवर्षीचा अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा ताळा त्या वहीत पडतो. अंदाज चुकतो, पुष्कळदा चुकतो, पण तो वहीत राहतो.

हॅचरीतल्या पिल्लांचे निराळे. क्लॅमथ खोऱ्यात चारातल्या एका पिल्लाच्या नाकाडात मिलिमीटरभर लांबीची तार घालतात. तारेवर आकडे असतात. ओळख म्हणून पाठीवरचा मागचा छोटा पर कापतात. मग हा मासा कॅलिफोर्नियाच्या किंवा ओरेगनच्या बंदरात कोणी धरून आणला की डोके कापून तार वाचतात. त्यातून समुद्रातल्या मासेमारीत क्लॅमथचा वाटा किती हे कळते. जनावराच्या कानातला बिल्ला आठवा.

एवढे सगळे करून दर वसंतात 'पॅसिफिक फिशरी मॅनेजमेंट कौन्सिल' बसते आणि त्या वर्षी समुद्रात किती दिवस मासेमारी करायची ते ठरवते. नदीत बेण्याचा आकडा आधी बाजूला काढायचा, उरले तर वाटप. वाटपायोग्य माशांतला निम्मा हिस्सा युरोक आणि हूपा या नदीकाठच्या मूळ जमातींचा, उरलेल्यात समुद्रातले मच्छीमार आणि गळ टाकणारे हौशी लोक. जमातींचा हा हक्क १९९३ साली केंद्र सरकारच्या कायदा अधिकाऱ्याच्या अभिप्रायाने पक्का झाला. हक्क कागदावर पक्का असला तरी नदीत मासा हवा. २०१२ साली सुमारे तीन लाख चिनूक नदीत शिरले. चारच वर्षांनी, २०१६ साली, त्याचा दहावा हिस्सासुद्धा आला नाही. २०१७ साली सहा हजारांच्या वर माणसे असलेल्या युरोक जमातीच्या वाट्याला साडेसहाशेच्या आसपास मासे आले. दहा माणसांत एक मासा. या लोकांचे सण मासळीवर, जेवण मासळीवर.

आता शेतकरी. क्लॅमथ नदी निघते ओरेगन राज्यातल्या अपर क्लॅमथ तलावातून. १९०५ साली मंजूर झालेल्या सरकारी पाटबंधारे योजनेने या तलावाच्या पाण्यावर सुमारे दोन लाख एकर शेती उभी केली. लसूणघास, बटाटा, कांदा, धान्य. दोन्ही महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांना इथे जमिनी दिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तर लोणच्याच्या बरणीतून चिठ्ठ्या काढून. म्हणजे हे लोक घुसखोर नव्हेत. सरकारनेच बोलावून, पाण्याचा शब्द देऊन वसवलेले. त्याच सरकारने १८६४ च्या तहाने तलावाकाठच्या क्लॅमथ जमातींनाही शब्द दिलेला होता. एकच पाणी दोघांना.

१९८८ साली तलावातल्या दोन जातींच्या माशांना आणि १९९७ साली नदीतल्या कोहो सामनला धोक्यातल्या जातींचे संरक्षण मिळाले. तलावातल्या माशांसाठी तलावाची पातळी राखायची, नदीतल्या माशांसाठी नदीला पाणी सोडायचे. चांगल्या पावसात दोन्ही जमते. २००१ साली दुष्काळ पडला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीच्या तोंडावर, योजनेने जाहीर केले की बहुतेक शेतकऱ्यांना यंदा पाणी नाही. हजारावर कुटुंबे. मे महिन्यात हजारो माणसांनी रांग धरून हातोहात बादल्यांनी तलावाचे पाणी कालव्यात ओतले. उन्हाळ्यात काहींनी कालव्याची दारे जबरीने उघडली, मग दारावर पहारा बसला. हंगाम हातचा गेल्यावर थोडे पाणी सुटले. जायकवाडीला वरून पाणी सोडायची वेळ आली की नगर-नाशिकात आणि खाली मराठवाड्यात काय होते ते आपण बघतो. त्यामुळे याचे वर्णन मी जास्त करत नाही.

शेतकऱ्यांचे म्हणणे होते : तलावाची पातळी अमुक फूट ठेवली तर मासे जगतात, याला आधार काय? राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००२ च्या सुरुवातीला अंतरिम अहवाल दिला. त्यात म्हटले की तलावाची पातळी आणि नदीचा प्रवाह वाढवण्याच्या शिफारशींना पुरेसा शास्त्रीय आधार दिसत नाही. शेतकरी जिंकले. त्या वर्षी कालव्यांना पाणी मिळाले.

आणि त्याच सप्टेंबरात नदीच्या खालच्या अंगाला चिनूक मेले. त्या साली मासे चांगले आले होते, नदी मात्र खाली होती, पाणी गरम. दाटीवाटीत कल्ल्यांचे रोग पसरले आणि काही दिवसांत काठावर मेलेल्या माशांचा खच पडला. सरकारी मोजणी ३४,००० च्या वर, आणि कॅलिफोर्नियाच्या खात्याने म्हटले की हा आकडा कमीच धरलेला आहे. युरोक लोकांनी तो वास अनुभवलेला आहे. पुढे २००६ साली, बेण्याचा तेव्हाचा आकडा ३५,००० होता तोही गाठला जाईना, म्हणून समुद्रकिनाऱ्याच्या सातशे मैल पट्ट्यात मासेमारी आवळावी लागली. क्लॅमथशी ज्यांचा संबंध नाही अशा मच्छीमारांच्याही बोटी बंदरात राहिल्या, कारण गळाला कोणत्या नदीचा मासा लागेल हे गळ टाकायच्या आधी कळत नाही.

इथे माझे मत सांगतो. 'पुरेसा आधार दिसत नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही. आकडा कच्चा आहे म्हणून तो शून्य धरायचा नसतो. पैसेवारीचेच बघा. नजर अंदाज पैसेवारी पन्नासच्या वर लागली आणि अंतिम खाली आली, तर मधल्या काळात जे नुकसान झाले ते आकड्याच्या घाईने झाले. पण समितीलाही सगळा दोष देणे बरोबर नाही. तिने कागदावरचा पुरावा तपासला, आणि पुरावा खरोखरच तोकडा होता. २००१ साली शेतकऱ्यांवर जो निर्णय लादला तो तोकड्या पुराव्यावर, आणि २००२ साली जो फिरवला तोही तसाच. दोन्ही वेळा भरडले गेले ते नदीकाठचे लोक, एकदा वरच्या अंगाचे, एकदा खालच्या.

मग धरणे का पाडली? ती चार धरणे, कॉप्को-१, कॉप्को-२, जे. सी. बॉईल आणि आयर्न गेट, १९१८ ते १९६० च्या दशकात बांधलेली, पाटबंधाऱ्याची नव्हती. एकूण १६३ मेगावॅट विजेची होती. त्यांच्यामुळे एक एकरही भिजत नव्हते. काकांना हे सांगितले तेव्हा ते जरा निवळले. वीज कंपनीचा परवाना २००६ साली संपला, नवा परवाना हवा तर माशांना चढायला पायऱ्या बांधा अशी अट आली. हिशेब केला तर पायऱ्या बांधण्यापेक्षा धरण पाडणे ग्राहकांना स्वस्त. २०१० साली करार, २०१६ साली दुरुस्त करार, नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय वीज आयोगाची अंतिम मंजुरी. ४५ कोटी डॉलरची तरतूद, त्यातले २० कोटी वीज ग्राहकांच्या बिलातून, २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या रोख्यांतून. २०१० साली शेतकरी आणि जमाती यांच्यात पाणीवाटपाचाही करार झाला होता; तो अमेरिकन संसदेत मंजूर झाला नाही आणि २०१५ च्या अखेरीस बाद झाला. धरणे पाडायचा करार टिकला, पाणी वाटायचा गेला. शेतकऱ्यांना हे अजून सलते, आणि सलण्यासारखेच आहे.

काम बिनचूक झाले असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये हॅचरीतून सुमारे ८ लाख ३० हजार पिल्ले नदीत सोडली. आयर्न गेट धरणाच्या बोगद्यातून जाताना दाब बदलून त्यांच्या अंगात वायूचे बुडबुडे झाले आणि पिल्ले मोठ्या प्रमाणावर मेली. सोडण्याची जागा चुकली. गाळाचे पाणीही काही महिने खाली वाहिले.

तरी ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला पाडकाम संपले आणि १६ ऑक्टोबरला ओरेगनमध्ये, चारही धरणांच्या जागेच्या वर, एका ओढ्यात चिनूक दिसला. १९१२ नंतर पहिल्यांदा. आयर्न गेटच्या जुन्या जागेवर ध्वनिलहरींचे यंत्र बसवले होते. पाण्यात आवाजाचा झोत सोडून ते माशाची सावली पडद्यावर दाखवते; गढूळ पाण्यात, रात्रीसुद्धा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सहा हजारांहून जास्त मासे वर गेल्याचे त्यात दिसले. या यंत्राला मासा दिसतो, जात दिसत नाही, म्हणून जाळ्याने थोडे मासे धरून जात, लिंग, वय तपासून ताळा घालावा लागतो. यंत्र आले म्हणून पाण्यात उतरणारा माणूस सुटलेला नाही.

२०२५ च्या शरदात मासे आणखी वर गेले. कीनो आणि लिंक रिव्हर ही दोन धरणे अजून उभी आहेत, त्यांना माशांच्या पायऱ्या आहेत. त्या चढून चिनूक अपर क्लॅमथ तलावात शिरले आणि पलीकडे विल्यमसन, स्प्रेग नद्यांकडे गेले. शंभरावर वर्षांनी क्लॅमथ जमातींच्या गावाशी सामन आला. मला स्वतःला ही बातमी वाचून आनंद झाला. पण सहा हजार म्हणजे बेणे भरले असे कोणी समजू नये. वर गेलेल्यांची पिल्ले समुद्रात जाऊन परतायला २०२७-२८ उजाडेल. तोवर वरच्या ओढ्यांतली खरी उगवण किती हे कळणार नाही. कॅलिफोर्नियात तर २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तीन वर्षे समुद्रातली सामनची व्यापारी मासेमारी बंद होती. त्याला एकटी क्लॅमथ कारण नाही, सॅक्रॅमेंटो नदीचा साठाही खालावला होता.

नदीत एक परजीवीही आहे. तो एका बारीक किड्यात राहतो आणि हा किडा संथ प्रवाहात तळाला गालिच्यासारखा वाढतो. धरणाखाली वर्षभर एकसारखे पाणी सोडले की त्याला मानवते. २०२१ च्या दुष्काळात, मे महिन्यात, युरोक जमातीच्या मत्स्य खात्याने पाहणीसाठी धरलेल्या पिल्लांत सत्तर टक्क्यांहून जास्त मेलेली सापडली. त्या साली कालव्यालाही पाणी नव्हते. दोन्ही गेले. तळ धुऊन काढायला अधूनमधून पुरासारखे पाणी सोडावे लागते आणि ते येते त्याच तलावातून. धरणे गेल्यामुळे गोटे-वाळू पुन्हा हलू लागली तर अशा पाण्याची गरज कमी होईल अशी आशा आहे. पुढच्या काही वर्षांत मोजणीने ते दिसेल.

राहिला शेतकऱ्यांचा आजचा प्रश्न. मासा तलावात आला म्हणजे कालव्याच्या तोंडाशीही आला. पिल्ले प्रवाहाबरोबर खाली येतात, आणि उघड्या तोंडातून कालव्यात शिरली की शेतात जाऊन मरतात. मुख्य ए-कालव्याला २००३ सालीच जाळी बसवली, पण खाली बरीच तोंडे उघडी आहेत. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की मासा आणायचा निर्णय आमचा नव्हता, तेव्हा जाळ्यांचा खर्च आमच्या पाणीपट्टीत घालू नका, आणि पिल्लू मेले म्हणून उद्या कालवा बंद करू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या पाणी संघटनेने आणि क्लॅमथ, युरोक, कारुक जमातींनी एकत्र बसून नदी सुधारण्याची कामे मिळून सुचवण्याच्या कागदावर सह्या केल्या. २००१ साली दारावर पहारा होता, हे लक्षात घेतले तर ही सही लहान नाही. मात्र त्या कागदात पाण्याचा वाटा ठरलेला नाही. तो दरवर्षी वसंतात, तलावाची पातळी आणि डोंगरावरचा बर्फ बघून पाटबंधारे खाते जाहीर करते, आणि त्या दिवशी शेतकरीही फोनजवळ बसलेला असतो आणि युरोक मच्छीमारही.